रणनीतीच्या सादरीकरणातला फुगवलेला आकडा

एका सॉफ्टवेअर कंपनीने गुंतवणूकदार आणि पत्रकारांना बोलावून नवी रणनीती जाहीर केली. यापुढे लायसन्सची एकरकमी विक्री बंद, सगळं सबस्क्रिप्शनवर. सादरीकरणात एकच आकडा ठळक होता: वार्षिक आवर्ती महसूल (सबस्क्रिप्शनमधून दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारं उत्पन्न), म्हणजे एआरआर, वर्षभरात दुप्पट. बातम्यांत तोच छापून आला, शेअर वधारला आणि माझ्यासारख्या अनेकांनी त्यात पैसे घातले. आता ते बुडाले आहेत. तक्रार चालू असल्याने नाव देत नाही.

एआरआरची व्याख्या ना जीएएपी या अमेरिकी हिशेब-नियमांत आहे, ना आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय नियमांत. कंपनी म्हणेल तो एआरआर. इथे ती व्याख्या शेवटच्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत होती: ‘स्वाक्षरी झालेले व अपेक्षित करार’. त्या ‘अपेक्षित’मध्ये फुकट चाचणीवरचे ग्राहकसुद्धा धरले होते, हे पुढे बाहेर आलं. जुन्या ग्राहकाचं लायसन्स सबस्क्रिप्शनमध्ये बदललं की तोही नवा म्हणून मोजला जाई. एका पत्रकाराने नेमकं हेच विचारलं, तर ‘तपशील नंतर कळवू’ म्हणून त्याला वाटेला लावलं. तो तपशील कधीच आला नाही.

ताळेबंद वेगळंच सांगत होता. सबस्क्रिप्शनचे पैसे बहुधा आगाऊ येतात आणि सेवा देऊन होईपर्यंत ‘डिफर्ड रेव्हेन्यू’ म्हणून देण्यांच्या बाजूला दिसतात. ग्राहक खरोखर दुप्पट झाले असते तर ही रक्कम वाढायला हवी होती. ती घटली. वाढली ती येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायचे पैसे.

हा प्रकार जुनाच आहे. मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने मोठमोठे करार गाजवले, पुढे टप्प्याटप्प्याने दाखवायचं उत्पन्न आधीच दाखवलं. मार्च 2000 मध्ये हिशेब दुरुस्त करत असल्याचं जाहीर करताच शेअर एका दिवसात 60 टक्क्यांहून जास्त कोसळला.

आमच्या कंपनीने तर गाजावाजा न करता एआरआरची व्याख्याच बदलली आणि जुनं सादरीकरण वेबसाइटवरून काढून टाकलं. जाब विचारला तर बोट दाखवलं दुसऱ्या स्लाइडकडे, ‘ही विधाने भविष्यकाळाविषयी आहेत’. हे संतापजनक आहे. अंदाज चुकू शकतो, मान्य. पण आज किती ग्राहक पैसे देतात हा अंदाज नव्हे, ती वस्तुस्थिती आहे. तक्रारीत आम्ही हाच मुद्दा धरला आहे. आमच्यापैकी एकाने सादरीकरणाची पीडीएफ त्याच दिवशी डाउनलोड केली होती म्हणून पुरावा हाती राहिला. तुम्हीही अशी सादरीकरणं लगेच उतरवून ठेवा, प्रश्नोत्तरांच्या रेकॉर्डिंगसकट.