फॉरेक्स कार्ड की झिरो मार्कअप क्रेडिट कार्ड? दोन युरोप वाऱ्यांनंतरचं माझं मत

पहिल्या वारीला (पॅरिस, इंटरलाकेन, म्युनिक) मी फॉरेक्स कार्ड नेलं होतं, म्हणजे निघण्याआधी परकीय चलन भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड. दुसऱ्या वारीला (व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट) झिरो मार्कअपचं क्रेडिट कार्ड, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक स्वतःची जादा टक्केवारी (मार्कअप) लावत नाही ते. दोन्ही वेळा थोड्या नोटा बरोबर होत्याच. घरात नेहमी वापरतो ते साधं क्रेडिट कार्ड या स्पर्धेत धरतच नाही. साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 4.13 टक्के. लाखभर खर्च केलात तर चार हजार नुसते हवेत.

फॉरेक्स कार्डाची बाजू आधी, कारण ते वाईट नाही. भाव आजच बांधून मिळतो आणि ज्यांना रोज रुपया किती पडला हे बघायची सवय आहे, त्यांना शांत झोप लागते. कार्ड चोरीला गेलं तर जास्तीत जास्त त्यातली शिल्लक जाते. परदेशी वेबसाइट बऱ्याचदा ओटीपी न मागताच पैसे कापतात, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. आई-बाबा टूर कंपनीबरोबर एकटे जाणार असतील तर मी अजूनही त्यांच्या हातात फॉरेक्स कार्डच देईन.

माझं बिनसलं ते इंटरलाकेनच्या हॉटेलात. चेक-इन करताना काउंटरवरच्या मुलीने डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं आणि मी कौतुकाने फॉरेक्स कार्ड पुढे केलं. 200 फ्रँक ब्लॉक झाले. क्रेडिट कार्डावर असं झालं तर फक्त लिमिट अडकते. इथे मात्र माझे भरलेले, रोख पैसे अडकले. दोन दिवसांनी लाउटरब्रुनेनला दूध-ब्रेड घेतलं, तर फ्रँकच्या वॉलेटमध्ये (कार्डात प्रत्येक चलनाचा कप्पा वेगळा असतो) पुरेसे पैसे नव्हते. माझ्या कार्डाने गुपचूप युरोच्या वॉलेटला हात घातला आणि एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचा चार्ज वर लावला. किती? दोन कॉफींचे. रक्कम सोडा हो, पण माझेच फ्रँक कार्डात दिसतायत आणि मला वापरता येत नाहीत, याचा जो संताप होतो तो वेगळा.

चेक-आउटला हॉटेलने सांगितलं, ‘आम्ही सोडले.’ ते खरोखर मोकळे झाले आम्ही ठाण्याला येऊन दोन आठवडे झाल्यावर. आता ठाण्यात 200 फ्रँकचं काय करायचं? पुढच्या ट्रिपला ठेवा, तर पुढची ट्रिप स्वित्झर्लंडची नव्हती. युरोत फिरवा, तर पुन्हा चार्ज. शेवटी शाखेत जाऊन फॉर्म भरला, पासपोर्टची झेरॉक्स दिली, ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकलं आणि पैसे रुपयांत करून घेतले. विकत घेतले तो भाव वेगळा, परत देतानाचा वेगळा. माझ्या हिशेबाने सगळं धरून चार-पाच टक्के गेलेच. म्हणजे ज्या मार्कअपला घाबरून कार्ड घेतलं, तो मागच्या दाराने आलाच. तुमची बँक कदाचित चपळ असेल, तुमचं हॉटेल ब्लॉक करणारही नाही. माझ्या नशिबी हे आलं, एवढंच सांगतो.

दुसऱ्या वारीत व्हिएन्नाच्या हॉटेलनेही डिपॉझिट ब्लॉक केलं. ते कधी सुटलं हे मला आजही माहीत नाही, कारण बघायची वेळच आली नाही. चेक कोरुना आणि हंगेरीचा फोरिंट माझ्या फॉरेक्स कार्डात नव्हतेच. तिथे प्रत्येक खरेदीला चार्ज बसला असता. क्रेडिट कार्डाने काही विचारलं नाही. भाव त्या दिवशीचा, पण ॲपमध्ये तपासला तेव्हा गूगलवरच्या भावाच्या अगदी जवळ.

पथ्यं दोन. कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण निघायच्या आधी ॲपमधून चालू करा. 2020 पासून नव्या कार्डांवर ते बंदच येतं. आणि मशीनने ‘रुपये की कोरुना’ असं विचारलं, तर डोळे झाकून कोरुना. प्रागमध्ये एका वेटरने माझ्यासाठी प्रेमाने रुपये दाबले होते. रुपयांत दाबलं की भाव समोरचा ठरवतो, तुमचं झिरो मार्कअप तिथे कामाला येत नाही.

एक गोष्ट क्रेडिट कार्डाने करू नका: एटीएममधून पैसे काढणं. व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. म्हणून नोटा घरूनच न्या. माणशी दीडशे-दोनशे युरो मला पुरले आणि त्यातलेही जर्मनीत जास्त गेले, बेकरीत नि हायवेवरच्या स्वच्छतागृहांत. चलन विकणाऱ्या डीलरला फोन करताना विकण्याचा आणि परत घेण्याचा असे दोन्ही भाव विचारा; त्यांच्यातल्या अंतरावरून दुकान कळतं. विमानतळावरचा काउंटर हा शेवटचा उपाय. प्रागला रस्त्यावरच्या काउंटरवर फसलात, तर 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत पावती दाखवून उलटवता येतो, हा तिथला 2019 पासूनचा कायदा. मी वापरला नाही, पण पावती मात्र जपून ठेवली होती.

पुढच्या वर्षी बहुतेक पोर्तुगाल. क्रेडिट कार्ड माझ्या खिशात, दुसऱ्या बँकेचं एक बायकोच्या पर्समध्ये, 300 युरो नोटांत. फॉरेक्स कार्ड कपाटात आहे. त्यात अजून 11 युरो पडलेत. ते काढायला शाखेत जायचं म्हणजे रिक्षाचे पैसे वेगळे.