डक्टचे आवाज : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरभर डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या हवावाहिन्यांतून, गरम-गार हवा खेळवणारी यंत्रणा बसवून नऊ महिने झाले. एक हिवाळा आणि एक उन्हाळा पार पडला. हवेबद्दल माझी तक्रार नाही, सगळ्या खोल्या व्यवस्थित राहतात. लिहायचंय ते आवाजांबद्दल. पहिले दोन महिने त्यांनी झोप उडवली होती आणि बसवण्याआधी याबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

थंडीत ब्लोअर (डक्टमध्ये हवा ढकलणारा पंखा) सुरू झाला की माळ्यावरून 'धप्प' असा आवाज यायचा, तेलाच्या रिकाम्या डब्याचं पोट दाबल्यासारखा. बंद होताना पुन्हा तसाच. मग बराच वेळ टक्, टक्, टक्. बसवून देणाऱ्यांना फोन केला तर "नवीन आहे, बसेल हळूहळू" एवढंच उत्तर मिळालं. महिना गेला, काही बसलं नाही.

शेवटी मी वही घेतली आणि प्रत्येक आवाजापुढे तो कधी येतो ते लिहायला लागलो : सुरू होताना, चालू असताना, की बंद झाल्यावर. चार दिवसांत कळलं, की मी ज्याला एकच बिघाड समजत होतो ते दोन वेगळे आवाज आहेत.

'धप्प' हा दाबाचा आवाज. आमचा मुख्य डक्ट चौकोनी आणि रुंद आहे. ब्लोअर सुरू झाला की आत दाब वाढतो आणि पत्र्याचं सपाट पोट बाहेर उसळतं. बंद झाला की परत आत जातं. माळ्यावर चढून मी डक्टच्या अंगावर तळहात टेकवून थांबलो. हवा तापवणारा गॅसचा बर्नर पेटला, थोड्या वेळाने ब्लोअर घुमू लागला आणि पत्र्याने हाताला चक्क धक्का दिला. त्याच जागी आडवा लोखंडी अँगल स्क्रूने आवळला, स्क्रूच्या भोकांना मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) लावलं. धप्प कायमचं थांबलं. चांगले कारागीर रुंद पत्र्यावर आधीच फुलीसारखी घडी पाडतात, त्याने पत्रा ताठ राहतो. आमच्या डक्टवर ती नव्हती. डक्ट चढवण्यापूर्वी हे बघून घ्या, नंतर माळ्यावर वाकून काम करणं फार जिकिरीचं.

टकटक मात्र तापमानाची. १० मीटर लांबीचा पोलादी डक्ट ३० अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतो. एवढी वाढ सरळ सरकू शकली तर आवाज होत नाही. कुठे अडकली की पत्रा झटक्याझटक्याने सुटतो. माळ्यावर एका टांगणीपट्टीवर घासून घासून चकचकीत झालेली रेघ दिसली. तिथे जाड नमद्याचा तुकडा सरकवला. आवाज पूर्ण गेला नाही, पण आता जागं करत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते शिट्टीसारख्या आवाजाने, शीळच म्हणा. ही चालू असताना सतत, परतीच्या हवेच्या जाळीतून, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत खेचणाऱ्या जाळीतून, यायची. वीज वाचेल म्हणून मी वापरात नसलेल्या दोन खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या होत्या आणि धूळ नको म्हणून फिल्टरही जास्त दाट घेतला होता. दोन्ही चुकलं. ब्लोअरला हवा खेचायलाही अडचण आणि ढकलायलाही. ब्लोअर काही सेकंद चालू ठेवून फिल्टर काढून पाहिला, तर शीळ जवळजवळ बंद! (हे क्षणभरच करायचं, नाहीतर धूळ आत जाते.) पुढे टेक्निशियनने दाब मोजला : यंत्राच्या पाटीवर १२५ पास्कल, प्रत्यक्षात २१०. जाळ्या उघडल्या, त्याच्याकडून खाच मोठी करून एक इंचाऐवजी चार इंच जाडीचा फिल्टर बसवला. घड्यांमुळे त्याचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त असतं, म्हणून हवा सहज जाते. दाब १३० वर आला. परतीची जाळीही मोठी करून घेतली. जाळीतून जाणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर आवाजात साधारण १५ डेसिबलची भर पडते, त्यामुळे वेग थोडा उतरला तरी कानाला मोठा फरक जाणवतो.

खडखडीचं कारण किरकोळ निघालं : एका डॅम्परची (डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) दांडी सैल होती, नट आवळला. उन्हाळ्यातली गुळगुळ गार हवेच्या कॉइलखालच्या पाण्याच्या नळीतली. नळी साफ केली.

दोन आवाजांच्या बाबतीत मात्र वही काढत बसू नका. बर्नर पेटताना मोठा धडाका झाला तर गॅस साचून उशिरा पेट घेतोय, यंत्रणा बंद करून लगेच माणूस बोलवा. ब्लोअरमधून लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ऐकू आलं तरी तेच.

एक त्रास अजून शिल्लक आहे. झोपायची खोली आणि अभ्यासाची खोली एकाच आखूड डक्टला जोडल्यामुळे इकडचं बोलणं तिकडे स्पष्ट ऐकू येतं. त्या फाट्याला आतून ध्वनिशोषक अस्तर लावून एक वळण द्यायचं ठरलंय. थंडी सुरू होण्याआधी ते काम करून घेणार आहे.