पपायरस आयकॉन थीम: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्क्रीनशॉटमध्ये सगळ्याच आयकॉन थीम, म्हणजे संगणकावरील चिन्हांचे एका शैलीत काढलेले संच, देखण्या दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो रोजच्या कामात, विशेषतः थीमकर्त्यांनी ज्याचे चित्रच काढलेले नाही असे एखादे अ‍ॅप बसवल्यावर. जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिनॅमन डेस्कटॉपवर, मी गेले काही महिने पपायरस वापरत आहे. त्याआधी बराच काळ न्यूमिक्स सर्कल ही थीम होती.

लिनक्सवर आयकॉन शोधण्याची पद्धत ठरलेली आहे. निवडलेल्या थीममध्ये त्या नावाचे चित्र नसेल, तर ती थीम ज्या थीमचा वारसा सांगते तिथे शोध होतो आणि शेवटी ‘हायकलर’ या सामाईक थीममध्ये, जिथे बहुतेक अ‍ॅप आपले मूळ चित्र ठेवतात. न्यूमिक्स सर्कलमध्ये प्रत्येक अ‍ॅप गोलात बसवलेले असल्याने असे एखादे उसने चौकोनी चित्र पंक्तीत वेगळ्या ताटावर बसलेल्या पाहुण्यासारखे उठून दिसते. पपायरसने एकाच आकाराचा हट्ट धरलेला नाही. रंग आणि सपाट छटा सारख्या ठेवून बाह्यरेषा मोकळी सोडली आहे, त्यामुळे बाहेरचे चित्र आले तरी फारसे खटकत नाही. शिवाय तिचा आवाका इतका मोठा आहे की असा प्रसंग क्वचितच येतो.

मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे लहान आकारांवरील मेहनत. चित्रे एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे कोणत्याही आकारात रेखीव राहणाऱ्या रेषाचित्रांच्या रूपात असली, तरी ६४ पिक्सेलसाठी काढलेले चित्र १६ पिक्सेलमध्ये आक्रसले की त्याचा चिखल होतो. पपायरसमध्ये १६, २२ आणि २४ पिक्सेलसाठी वेगळी, कमी तपशिलाची चित्रे आहेत आणि साध्या पडद्याच्या लॅपटॉपवर पॅनेलकडे पाहताना त्यांचा उपयोग पदोपदी जाणवतो. मात्र पपायरस डार्क ही आवृत्ती गडद विंडोंसाठीच आहे. फिकट थीमसोबत ती निवडल्यास टूलबारवरील पांढुरकी चिन्हे जवळजवळ नाहीशी होतात.

मराठी इंटरफेस वापरणाऱ्यांसाठी एक दिलासा असा की ‘डाउनलोड’, ‘चित्रे’ यांसारख्या फोल्डरांचे खास आयकॉन नावावर अवलंबून नसतात. कोणता फोल्डर कशासाठी आहे याची नोंद प्रणाली वेगळ्या फाइलीत ठेवते, म्हणून देवनागरी नावाच्या फोल्डरांनाही योग्य चिन्ह मिळते. फोल्डरांचा रंग बदलण्यासाठी पपायरस फोल्डर्स ही स्वतंत्र स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) आहे आणि ती चोख काम करते.

तक्रारींपैकी काहींचा दोष थीमकडे जात नाही. ज्या अ‍ॅपच्या डेस्कटॉप फाइलीत (मेनूतील नाव, आयकॉन वगैरेंची नोंद असलेल्या फाइलीत) आयकॉनच्या नावाऐवजी चित्राचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तिथे कोणतीही थीम हतबल ठरते. ती फाइल आपल्या होम फोल्डरात आणून ती ओळ बदलावी लागते. पॅनेलवरील ट्रेमधील चिन्ह स्वतःसोबतच घेऊन येणारी अ‍ॅपही तशीच. वितरणाच्या (मिंटसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्तीच्या) भांडारातील पॅकेज मात्र जुने राहते, त्यामुळे नव्या अ‍ॅपची चित्रे लवकर हवी असल्यास प्रकल्पाच्या गिटहब या संकेतस्थळावरील भांडारातून थीम घेणे बरे. ती पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल, तर आधी टार फाइल (सगळे एकत्र बांधलेली एकच फाइल) करावी, कारण थीममध्ये असंख्य सांकेतिक दुवे, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, आहेत आणि फॅट स्वरूपाच्या ड्राइव्हवर ते टिकत नाहीत.

एका मुद्द्यावर माझे मन अजून द्विधा आहे. २०१९ मध्ये ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपशी संबंधित काही विकसकांनी वितरणांना खुले पत्र लिहून आमच्या अ‍ॅपवर थीम लादू नका, अशी विनंती केली होती आणि आयकॉन हीच अ‍ॅपची ओळख असते, हाही त्यातला एक युक्तिवाद होता. तो मला पटतो. परंतु त्यांचा रोख वितरणांकडे होता. आपल्या संगणकावर कोणती चित्रे दिसावीत हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवणे वेगळे. तरीही काही कमी परिचित अ‍ॅपच्या बाबतीत पपायरसने मूळ चित्र इतके बदलले आहे की मेनूमध्ये मला अजूनही नाव वाचूनच ती उघडावी लागतात.