बुलिमियासाठी ऑनलाइन थेरपी घेतली, २० सेशन्सनंतरचा अनुभव (४/५)

बुलिमिया म्हणजे अचानक ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग उलटी करून किंवा उपाशी राहून ते भरून काढलं जातं, पुन्हा पुन्हा. शेवटचं सेशन परवा झालं. मी स्वतः रात्र रात्र असे रिव्ह्यू शोधायचे आणि धड काही सापडायचं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी वजन बघितलं, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, खाण्यावर जरा कंट्रोल ठेवा. बुलिमिया असलेल्या बऱ्याच जणांचं वजन नॉर्मलच असतं हे मला इथे येऊन कळलं, तोपर्यंत सहा वर्षं हे कुणालाही न सांगता काढली.

इथे पहिल्याच कॉलला थेरपिस्ट मॅडमनी हे आठवड्यातून किती वेळा होतं, किती महिन्यांपासून, एवढंच शांतपणे विचारलं आणि लगेच ब्लड टेस्ट आणि ईसीजी करायला सांगितलं. सतत उलट्या झाल्या की पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रिपोर्ट बघितल्याशिवाय त्या पुढे गेल्याच नाहीत, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

थेरपी सीबीटी होती, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी. मला वाटलेलं लहानपणापासूनचं सगळं उकरतील पण सुरुवात झाली खाण्याच्या वेळांपासून, तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडंसं, तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नको, आणि रात्री काहीही झालेलं असो, सकाळचं खाणं चुकवायचं नाही. हे शेवटचं मला महिनाभर जमलं नाही. दिवसभर उपाशी राहून मी आदल्या रात्रीची भरपाई करायचे आणि त्यामुळेच संध्याकाळी पुन्हा खात सुटायचे. मॅडम म्हणाल्या, "तुझी जिद्द कमी पडत नाहीये गं, तू उपाशी आहेस." त्या दिवशी खूप रडले.

डायरी खाल्ल्या खाल्ल्या लिहायची, त्यात कॅलरी नाहीत, आणि वजन आठवड्यातून एकदाच. औषध मला लागलं नाही, पण फ्लुओक्सेटिन यासाठी देतात म्हणून सायकियाट्रिस्टशी एकदा बोलणं करून दिलं.

एक स्टार कापलाय कारण ॲप उघडलं की समोर वजनाचा ग्राफ यायचा, इथे येणाऱ्या माणसाला नेमकं तेच दाखवायचं? चार वेळा सांगितल्यावर काढला. दातांबद्दलही कोणी बोललं नाही. उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नसतो, नुसत्या पाण्याने चूळ भरायची, नाहीतर ॲसिडने मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं, हे डेंटिस्टकडून कळलं.

आधी रोज व्हायचं, गेल्या महिन्यात दोनदा झालं. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवले.

चक्कर, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा जीव द्यायचे विचार असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलला जा. इथे पहिला कॉल मिळायलाच मला पाच आठवडे लागले होते.