पार्टेड की एफडिस्क: पार्टिशनचा घोळ निस्तरताना काय उघडावं?

लिनक्समध्ये डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, बदलायला खिडक्या-बटणांचं जीपार्टेड चालत असेल तर खुशाल तेच वापरा; फाइल सिस्टीमसकट (फाइली साठवायच्या रचनेसकट) पार्टिशन लहान करायला किंवा सरकवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. प्रश्न पडतो तो समोर नुसतं टर्मिनल असताना.

पार्टेड आणि एफडिस्क, टर्मिनलमधली ही दोन्ही साधनं मी बरीच वर्षं वापरलीत. जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवणाऱ्या टेबलाचा नवा प्रकार, मोठ्या डिस्कला लागणारा) आता एफडिस्कलाही कळतं, त्यामुळे दोन टीबीपेक्षा मोठी डिस्क म्हणजे पार्टेडच, ही जुनी सक्ती उरलेली नाही. पार्टेडला टक्क्यांत जागा सांगता येते, स्क्रिप्टमध्ये ते छान बसतं. एवढंच, की पार्टिशन बनवणाऱ्या त्याच्या 'एमकेपार्ट'मध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टीम) लिहिलं म्हणून पार्टिशन फॉरमॅट होत नाही, नुसता प्रकार नोंदला जातो. मग माउंट करताना (वापरायला जोडताना) 'बॅड सुपरब्लॉक' दिसला की माणूस डिस्कलाच दोष देतो.

पण माझं मन बदललं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. पार्टेड एंटर दाबताक्षणी डिस्कवर लिहून मोकळं होतं. माझ्याकडे दोन बाहेरच्या डिस्क जोडलेल्या होत्या. रीबूटनंतर त्यांच्या एसडीबी आणि एसडीसी या नावांची अदलाबदल झाली, आणि मी सवयीने 'आरएम २' (दुसरं पार्टिशन काढ) दिलं. पार्टिशन माउंट नव्हतं, त्यामुळे काही न विचारता ते गेलं. आधीची यादी वर दिसत होती, पण आकडे जीबीत आणि ढोबळ. पार्टिशनच्या सुरुवातीचा नेमका सेक्टर (डिस्कवरच्या जागेचा छोटा तुकडा) त्यावरून कळेना. आधी 'युनिट एस' (आकडे सेक्टरमध्ये दाखव) दिलं असतं तर कळला असता. डेटा जागेवरच होता, उडाली होती ती टेबलातली नोंद. शेवटी पार्टेडच्याच 'रेस्क्यू'ला अंदाजे हद्द दिली आणि पार्टिशन सापडलं. तोवर हात थरथरत होते.

एफडिस्कमध्ये 'डब्ल्यू' दाबेपर्यंत सगळं मेमरीत राहतं. 'पी' दाबून यादी बघा, चुकलं तर 'क्यू' दाबून बाहेर पडा. त्याचाही त्रास आहेच: डिस्क वापरात असली तर लिहून झाल्यावर 'डिव्हाइस बिझी' म्हणतं, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुनंच टेबल धरून बसतो. तेव्हा टेबल पुन्हा वाचायला लावणारं पार्टप्रोब चालवा, नाहीतर रीबूट करा. मला तरी हे परवडतं. उडालेलं पार्टिशन त्याच सेक्टरपासून पुन्हा बनवत असाल, तर जुनी सिग्नेचर (तिथल्या फाइल सिस्टीमची खूण) काढू का, या प्रश्नाला मात्र आठवणीने 'नाही' म्हणा.

तुमचं काम स्क्रिप्टचं असेल तर पार्टेड कदाचित बरं पडेल. हाताने दुरुस्ती करायची असेल तर मी एफडिस्क उघडतो, आणि त्याआधी 'एसएफडिस्क'ने टेबलाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवतो.