खान्देशातून होडीवरचा एक दिवस: हतनूर, कोकण की मिरिसा?

देवमासा बघायचाय, समुद्रपक्षी बघायचेत, डॉल्फिनही बघायचेत आणि राहायला जळगाव-धुळ्याकडे. समुद्र लांब, म्हणून एकदाच जाऊन तिन्ही पाहून यावं असं वाटणं साहजिक आहे. पण हे तिन्ही एका होडीतून दिसतील ही अपेक्षा आधीच सोडा. त्यांचं पाणी वेगवेगळं आहे.

आधी देवमाशाचं बघू. कोकणात देवमासे नाहीत असं नाही. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायड्स आणि निळा, दोन्ही देवमाशांच्या नोंदी आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लूही लागलं होतं. पण आपल्या किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ फार लांबवर जातो आणि मोठ्या देवमाशांना लागणारं खोल पाणी त्याच्या पलीकडे. तास-दीड तासाची पर्यटक होडी तिथवर पोचत नाही. त्यामुळे कोकणात कुणी ‘देवमासा दाखवतो’ म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, मिरिसाला, खोल पाणी किनाऱ्यापासून जवळ आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या हंगामात तिथल्या होड्या सकाळी लवकर सुटतात आणि निळा देवमासा दिसण्याची शक्यता चांगली असते. पासपोर्ट, व्हिसा, मुंबई-कोलंबो विमान, पुढे रस्त्याने दक्षिणेला, एवढा खर्च आणि चार-पाच दिवस हाताशी असतील तर देवमाशासाठी तिथेच जावं. ते जमत नसेल तर देवमासा पुढच्या वर्षांसाठी ठेवा, कोकणात शोधू नका.

कोकणात जायचं ते डॉल्फिनसाठी. दापोलीजवळचं हर्णै-मुरूड, गुहागर, मालवण-तारकर्ली, या पट्ट्यात हिंदी महासागरी कुबड डॉल्फिन किनाऱ्याजवळच राहतो. सिनेमात दिसतात तशा उंच उड्या तो सहसा मारत नाही. आधी लांबट चोच तिरकी वर येते, मग पाठीवरचा उंचवटा, त्यावरचा छोटा पर, आणि इंजिन बंद असेल तर श्वासाचा ‘फुस्स’ आवाज स्पष्ट ऐकू येतो. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, निघण्यापूर्वीच सांगा: डॉल्फिन दिसले की इंजिन बंद, पाठलाग नको. पाच होड्यांनी घेरलं की तो खाली जातो आणि मग कुणालाच दिसत नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) हे पक्षी बरोबर दिसतात, कधी समुद्री गरुडही. कुरवांना शेव-गाठिया टाकायची सवय मात्र लावू नका. ते त्यांचं अन्न नाही.

प्रवास वाटतो तितका अवघड नाही. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज भुसावळ-जळगाववरून थेट रत्नागिरीला जाते. तरी जाऊन-येऊन तीन दिवस धराच, कारण वारा सुटला तर होडी सुटत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांना समुद्राच्या हेलकाव्यांची सवय नसते. पोटभर खाऊन किंवा अगदी रिकाम्या पोटी बसू नका, होडीच्या मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा.

आता घराजवळचं. पक्षी हेच मुख्य आकर्षण असेल तर माझं मत सरळ हतनूर धरणाला आहे. भुसावळपासून गाडीने तासाच्या आत पोचता येतं. तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात आणि खाली धरणात पसरतात. या धरणात गाळ फार साचला आहे. शेतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने ती मोठी चिंता आहे, पण त्याच गाळाने उथळ, पाणवनस्पतींनी भरलेली जागा तयार झाली आणि बदकांना नेमकी तीच लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही इथे पाहायला मिळतात. नदी सुरय पाण्यावर जागच्या जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली वाकवतो आणि दगडासारखा कोसळतो. समुद्रावरच्या सुरयाची शिकारही अशीच असते, फक्त तिथे होडी हलत असल्याने दुर्बीण स्थिर राहत नाही. इथे ती छान स्थिर राहते. नवख्या माणसाला पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर एवढा एक फरकही पुरेसा आहे.

उणीव अशी की इथे तिकीट खिडकी नाही, ठरलेली फेरी नाही. स्थानिक मासेमार बांधवाशी आदल्या दिवशी बोलून होडी ठरवावी लागते. लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. होडी मिळाली नाही तरी काठावरून भरपूर दिसतं. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडा आणि नऊच्या आत पोचा, नंतर बदकं लांब मधल्या पाण्यात जाऊन बसतात. दुपारी परतताना भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते, हंगामही नेमका तोच.

आजी-आजोबा आणि लहान पोरं बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नका, हतनूर. मुलं दहा-बारा वर्षांची, हौशी आणि दिवाळीची सुट्टी मोठी असेल तर कोकण. फक्त होडीचं आरक्षण पहिल्याच सकाळचं घ्या, म्हणजे वाऱ्याने ती फेरी बुडाली तरी हाताशी दुसरी सकाळ उरते.