फॉसशेप: आपल्याच मापाचा डमी घरी करायचा असेल तर

न्यू जर्सीत घरी ब्लाउज शिवते. बाजारच्या डमीत (कपडे चढवून बघायच्या पुतळ्यात) माझ्या पाठीचा बाक आणि उतरते खांदे काही येत नाहीत, म्हणून फॉसशेप मागवलं. पॉलिस्टरचं न विणलेलं कापड, हाताला अगदी मऊ. वाफ लागली की आक्रसतं आणि कडक होतं. त्यात ३०० नंबरचं पातळ, ६०० नंबरचं जाड. डमीसाठी ६००च घ्या.

जुन्या डमीवर वॅडिंग (भरणीचा मऊ, जाड थर) गुंडाळून आधी आपली मापं आणायची, मग वरून फॉसशेपचं कव्हर शिवून चढवायचं. सैलच शिवा, वाफेने ते चांगलंच आटतं. स्टीमर फिरवला तसं कापड कंबरेच्या वळणाला घट्ट बसत गेलं; जाड हातमोजा घालून दाबलं तिथे गुळगुळीत झालं. गार झाल्यावर पाठीमागून उभं कापून काढलं. टणक, तरी हलकं! अंगावर घालून वाफ मुळीच देऊ नका, भाजेल.

महाग आहे. टाचण्यांसाठी वर वॅडिंग आणि होजिअरीचं कव्हर लागतंच. त्याची जाडी मापातून आधीच वजा करा. पण प्रिन्सेस कटचा ब्लाउज चढवला आणि बगलेतली चुणी नेमकी कुठून येते ते दिसलं. आता सासूबाईंच्या मापाचा करायला घेतलाय.